फराळ, पणत्या की पावती?

दसरा उलटला की आमच्या सोसायटीत दरवर्षी एक चर्चा ठरलेली असते: यंदा दिवाळीनिमित्त जमलेल्या वर्गणीतून कोणाला आणि काय द्यायचे. या चर्चेत संस्थांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. आनंदवनापासून आपल्या गावातल्या अंधशाळेपर्यंत आठ-दहा नावे प्रत्येकाच्या तोंडी असतात, आणि संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तिचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतात का, एवढी चौकशी बहुतेक जण करतातच. अडते ते पद्धतीपाशी. फराळ आणि कपडे घेऊन स्वतः जावे, संस्थेतल्या लोकांनी तयार केलेल्या पणत्या आणि कंदील विकत घ्यावेत, की सरळ पैसे देऊन पावती घ्यावी? या तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत आणि आता त्यांतल्या एकीवर स्थिरावलो आहे. बाकीच्या दोन चुकीच्या आहेत असे म्हणण्याचे धाडस मात्र मी करणार नाही.

फराळाची वाट सर्वांत जुनी आणि मनाला सर्वांत जवळची. बारा-चौदा घरांतून चिवडा, चकल्या, शंकरपाळे गोळा करायचे, पुड्या बांधायच्या, दोन गाड्या भरून निघायचे आणि आपल्या हाताने ते मुलांच्या हातात ठेवायचे, यात एक समाधान असते आणि ते खोटे नसते. आपल्या घरी जे आहे ते सगळ्यांच्या घरी नसते, ही गोष्ट माझ्या मुलीला अशाच एका खेपेत, माझ्या कोणत्याही उपदेशाविना उमगली. शिवाय दुर्गम पाड्यांवर, जिथे दुसरे कोणी फिरकत नाही, तिथे नेलेल्या फराळाचे आणि ब्लँकेटांचे मोल वेगळेच असते. त्यांना ही तुलना लागू करू नये. मी बोलतो आहे ते शहरातल्या किंवा शहरालगतच्या, मोटारीने तासाभरात गाठता येणाऱ्या संस्थांविषयी.

माझे मत फिरले ते एका भाऊबिजेला. मुलांच्या एका वसतिगृहात आमचा गट दुपारी चारच्या सुमारास पोचला. आमच्यातल्या बायकांनी निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता अशी ताटे सजवून आणली होती. अंगणात मुले पाटांवर रांगेने बसलेली होतीच. आमच्या आधीचा गट फाटकातून बाहेर पडत होता आणि आमच्या मागे आणखी एक गाडी येऊन थांबली होती. माझ्यासमोरच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आमची ताटे पाहिली, शर्टाच्या बाहीने कपाळावरचे ओले कुंकू पुसले, केसांतल्या अक्षता झटकल्या आणि मान ताठ करून तो पुढच्या टिळ्यासाठी तयार झाला. हे कितवे, असे मी हळूच विचारले. ‘सहावं,’ तो म्हणाला. त्या उत्तरात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हते. शाळेत हजेरी द्यावी तसा त्याचा सूर होता. बाहीवर कुंकवाचे पट्टे उमटले होते, आणि तो शर्ट सकाळीच कोणीतरी दिलेला, नवाकोरा होता.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे काय मनावर घ्यायचे. मुलाला एक टिळा जास्त लागला तर बिघडले कुठे? मीही स्वतःला तसेच समजावून पाहिले, पण ती बाही काही डोळ्यांपुढून हलेना. भाऊबिजेला बहीण एकदा ओवाळते, म्हणून त्या ओवाळण्याला अर्थ असतो. सहा गटांनी पाठोपाठ ओवाळले की सण आमचा होतो आणि मुले आमच्या सणाची सोय लावत बसतात. तिथले दोन कर्मचारी सकाळपासून पाट मांडणे, पाहुण्यांना चहा देणे आणि मुलांना पुन्हा पुन्हा रांगेत बसवणे यांतून मोकळे झालेले नव्हते. कोठीत आमच्या पुड्यांना जागा करण्यासाठी आधीचे खोके एकमेकांवर चढवावे लागले. फोटोही अर्थातच निघाले. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये मनाई आहे, हे आमच्या गटातल्या दोन वकिलांनाही त्या क्षणी आठवले नाही.

पुढे पौषात, पावतीवरचे नाव दुरुस्त करून घेण्यासाठी मी त्याच ठिकाणी पुन्हा गेलो. कार्यालयाच्या भिंतीवर वर्षभराच्या अन्नदानाचा फळा होता. दिवाळीच्या दिवसांच्या चौकटींत नावे मावली नव्हती, काही समासात आडवी लिहिलेली होती. त्यापुढे कोणाचे वर्षश्राद्ध, कोणाचा वाढदिवस अशा तुरळक नोंदी होत्या आणि मग आठवडेच्या आठवडे कोरे. दुपारच्या जेवणाला त्या दिवशी आमटी-भात होता, जो मुलांनी आवडीने खाल्ला. त्यात गैर काहीच नव्हते. तरीही दिवाळीत कोठीत रचलेले ते खोके मला आठवलेच.

पणत्यांची वाट मला आजही मोहात पाडते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळांत रंगवलेल्या पणत्या, अंध व्यक्तींनी वळलेल्या मेणबत्त्या, बचत गटांचे उटणे आणि फराळ हे सारे आता सहज मिळते. येरवडा कारागृहात बंदीजनांनी केलेल्या वस्तूंची दिवाळीनिमित्त विक्री होते, तिथून घेतलेला एक लाकडी पाट आमच्या देवघरात आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारताना दयेपेक्षा श्रमावर भर दिला, त्या विचाराशी नाते सांगणारी ही पद्धत आहे. तिच्यात विकणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत, मुकाट्याने ओवाळून घ्यावे लागत नाही. माझ्या अनुभवात दहांतल्या दोन पणत्या किंचित डुगडुगतात. त्या तांदळावर ठेवल्या की प्रश्न मिटतो.

मात्र ही खरेदी आहे, दान नव्हे, हे नीट ध्यानात ठेवावे. किमतीतला बराच भाग माती, रंग, खोके आणि वाहतूक यांतच जातो, आणि देणगीची पावती खरेदीवर मिळत नाही. दुसरी अडचण वेळेची आहे. एका वर्षी मी कार्यालयासाठी दीडशे पणत्यांची मागणी दसऱ्यानंतर नोंदवली आणि त्या वसुबारसेला वेळेवर हातात पडल्या, याचा मला मोठा आनंद झाला. नंतर कळले की एवढ्या कमी दिवसांत ते काम कार्यशाळेतल्या मुलांच्या गतीने होण्यासारखे नव्हते, म्हणून शेवटच्या दोन रात्री शिक्षिकांनीच बसून पणत्या रंगवल्या होत्या. ज्यांच्या हातांना काम मिळावे म्हणून आपण खरेदी करतो त्यांच्या हाती ते पडलेच नाही, उलट त्यांना सांभाळणाऱ्यांची झोप गेली. या वाटेने जायचे असेल तर मागणी श्रावणात, फार तर गणपतीत नोंदवावी.

राहिली पावती. दिसायला ती कोरडी, आणि ‘पैसे फेकून मोकळे झाले’ असा टोमणा ऐकवणारी. पण आपल्याकडे ही रीत परकी नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेल्या आणि पुढे हिंगण्याला रुजलेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत, भाऊबीज निधीची परंपरा फार जुनी आहे. कार्यकर्ते घरोघर जातात, संस्थेतल्या मुलींसाठी भाऊबीज म्हणून जमेल ती रक्कम मागतात आणि पावती देतात. मला यातली खुबी फार उशिरा कळली. बहिणीला आपण ओवाळणी घालतो ती पैशांत घालतो, आणि त्या पैशांचे काय करायचे हे ती ठरवते. ‘यातून फक्त तांदूळ आण’ असे सांगणारा भाऊ मी तरी पाहिलेला नाही.

म्हणूनच पावतीवर रक्कम कोणत्या खात्यात धरायची हे विचारले जाते, तेव्हा थोडे थांबावे. अन्नदान आणि शिक्षण ही खाती दात्यांना आवडतात. कायम निधीत दिलेली रक्कम बाजूला ठेवली जाते आणि तिचे व्याज वापरात येते. वीजबिल, स्वयंपाकीण मावशींचा पगार, बिघडलेला पंप, गळणारे छत यांच्यासाठी लागणारे पैसे सर्वसाधारण निधीतून येतात आणि त्या खात्याला सहसा कोणी हौसेने हात लावत नाही. मी आता तिथेच देतो.

कराविषयी थोडक्यात. देणगीच्या रकमेवर मिळणारी, आपण ८०जी म्हणतो ती प्राप्तिकरातली वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर जुन्या प्रणालीतही ती हातची जाते. परदेशस्थ नातेवाइकांबाबत नेहमी घोळ होतो तो असा: भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही, पण ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी, तो पुण्यात जन्मलेला असला तरी, विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच जावी लागते.

पावतीच्या वाटेवरही काटे आहेत. एका संस्थेला ऑनलाइन पैसे दिल्यानंतर दोन महिने मला आणखी पैसे मागणारे दूरध्वनी येत राहिले, आणि ते करणारी माणसे संस्थेची नसून नेमलेल्या एजन्सीची होती. तेव्हापासून ओळखीच्या, प्रत्यक्ष पाहिलेल्या संस्थेच्याच खात्यात थेट रक्कम भरतो. चेहरे दिसत नाहीत ही उणीव मात्र खरी आहे. घरात लहान मुले असतील आणि त्यांना काही दाखवायचे असेल, तर एखादी खेप अवश्य करावी, फक्त आधी विचारून आणि दिवाळी सोडून. ज्यांना भेटवस्तू कोणत्याही परिस्थितीत घ्यायच्याच आहेत त्यांनी मिठाईच्या खोक्यांऐवजी पणत्या घ्याव्यात. बाकीच्यांना मी, विचारलेच तर, भाऊबीज पैशांत घाला असे सुचवतो.

आमच्या घरी ती रक्कम भाऊबिजेच्या सकाळी वेगळी काढली जाते. निम्मी त्याच दिवशी जाते आणि निम्मी जूनमध्ये, शाळा उघडताना. फळ्यावर आमचे नाव लिहायचेच असेल तर जूनच्या एखाद्या कोऱ्या चौकटीत लिहा, असे मी सांगून ठेवले आहे. पत्नीला हा सगळा व्यवहार अजूनही थोडा रूक्ष वाटतो. त्यामुळे पौषातल्या एखाद्या शनिवारी ती ताज्या चकल्यांचा एक डबा घेऊन तिथे जाते, मुलांसाठी नव्हे, स्वयंपाकघरातल्या मावशींसाठी. मावशी डबा रिकामा परत देत नाहीत. गेल्या वर्षी त्यात आवारातल्या झाडाचे आवळे होते.