स्क्रम वापरून अकरा महिने झाले, आणि माझं भांडण अजून त्या 'डन' कॉलमशीच आहे

स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या ठराविक टप्प्यांत करायची पद्धत, टप्पा म्हणजे स्प्रिंट, आणि करायच्या कामांची यादी म्हणजे बॅकलॉग. यापेक्षा जास्त सांगत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. आमची टीम आठ जणांची, स्प्रिंट दोन आठवड्यांचा, आणि मी टेस्टर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी कटकट येणारे ती त्याच खुर्चीतून आलीये.

यातला अर्धा भाग चौथ्या महिन्यात लिहिलेला, ज्या रात्री लॉगिन बंद पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. कार्ड, म्हणजे बोर्डवर लावलेलं एक काम, अगदी किरकोळ होतं. ओटीपी किती मिनिटं चालेल ती वेळ बदलता यावी, एवढंच, ३ पॉइंट (काम केवढं मोठं याचा अंदाज). बोर्डवर ते दोन दिवस आधीपासून 'डन'मध्ये, म्हणजे संपलेल्या कामांच्या कॉलममध्ये बसलेलं. डेव्हलपरच्या मशीनवर चालत होतं, कोड रिव्ह्यूही झालेला, पण टेस्ट सर्व्हरवर मला ते मिळालंच नव्हतं, कारण ब्रँच (त्या कामाची कोडची वेगळी प्रत) नऊ दिवस बाजूला पडून होती आणि मुख्य कोडमध्ये मर्ज झाली थेट रिलीजच्या संध्याकाळी. डेटाबेसच्या टेबलमध्ये एक नवीन कॉलम लागत होता, तो टाकणारी मायग्रेशन स्क्रिप्ट प्रॉडवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर, कुणी चालवलीच नाही. (कॉलम या शब्दाशीच माझं वाकडं आहे बहुतेक.) २ तास ४० मिनिटं कुणालाच लॉगिन होईना, आणि इकडे कार्ड हिरवंगार, बर्नडाउन (उरलेल्या कामाचा आलेख) तर असा छान उतरलेला की फ्रेम करून लावावा.

आमच्याकडे डनचा अर्थ होता 'माझ्याकडून झालं'. उद्या डेमो असला की आज दुपारी कार्डं भराभर उजवीकडे सरकायची. स्टँडअपला (रोजच्या उभ्याउभ्या मीटिंगला) मी विचारायचे, अरे हे डन कसं काय, तर उत्तर ठरलेलं, "डनच आहे गं, फक्त टेस्टिंग बाकी आहे." म्हणजे पोहून झालंय, फक्त पाण्यात उतरायचं राहिलंय. मग कुणीतरी शहाणपणा करून 'डन डन' असा नवीन कॉलम काढला. महिन्याभरात त्यातूनही कार्डं परत यायला लागली. मला वाटलं आता तिसरा डन येणार, पण आला 'रेडी फॉर रिलीज', म्हणजे तेच, फक्त नाव बदलून.

बाकीच्या तक्रारी पटकन उरकते. स्टँडअप १५ मिनिटांचा असतो, आमचा ३५ चालायचा. ८ जण गुणिले ३५ मिनिटं म्हणजे रोजचे ४ तास ४० मिनिटं, स्प्रिंटच्या दहा दिवसांचे जवळपास ४७ तास, एका माणसाचा अख्खा आठवडा आम्ही नुसता उभं राहण्यात घालवत होतो. हा हिशोब मी रेट्रोमध्ये (स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते बोलायच्या मीटिंगमध्ये) फळ्यावर लिहिला, सगळे हसले, आणि तो हिशोब करण्यात वीस मिनिटं गेली म्हणून मलाच ऐकवलं. प्लॅनिंग पोकरमध्ये (पत्ते दाखवून पॉइंट ठरवतात त्यात) ५ की ८ यावर जो काथ्याकूट चालायचा त्याबद्दल तर बोलायलाच नको.

इथपर्यंत चौथ्या महिन्यातलं. तेव्हा शेवटी 'वापरू नका' असं लिहून ठेवलेलं, ते आता खोडलंय.

झालं असं की भांडणात पुरावा हवा म्हणून मी मूळ स्क्रम गाइड वाचायला घेतलं. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांचं, नोव्हेंबर २०२० ची आवृत्ती, जेमतेम तेरा-चौदा पानं. त्यात स्टोरी पॉइंट नाहीत, वेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट संपले) नाही, उभं राहायची सक्ती पण नाही. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, हे तीन प्रश्न आम्ही रोज मंत्रासारखे म्हणायचो, ते त्याच आवृत्तीत काढून टाकलेत. आणि माझा डन मात्र तिथे ठणठणीत लिहिलेला. डेफिनिशन ऑफ डनमध्ये (काम कधी पूर्ण म्हणायचं त्या अटींमध्ये) जे बसत नाही ते रिलीज तर सोडाच, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये (शेवटी झालेलं काम दाखवतात त्या मीटिंगमध्ये) दाखवायचंही नाही, गुपचूप परत बॅकलॉगमध्ये टाकायचं. म्हणजे ज्यावर आम्ही रोज भांडत होतो ते पुस्तकात नव्हतंच, आणि जे होतं ते कुणी वाचलं नव्हतं, माझ्यासकट. अजाइल मॅनिफेस्टो म्हणजे स्क्रमसारख्या पद्धतींचा २००१ चा जाहीरनामा, त्याच्या १२ तत्त्वांतही चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप म्हटलंय, सरकलेली कार्डं नाही.

मग आमच्या डनच्या चार ओळी लिहिल्या. मेन ब्रँचला मर्ज झालंय, टेस्ट हिरव्या आहेत, मायग्रेशन टेस्ट सर्व्हरवर चालून गेलंय, आणि लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी वापरून बघितलंय. जास्तीचे डन कॉलम उडवले. पहिल्याच स्प्रिंटला ३४ पॉइंटवरून थेट ११. प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) घाबरून माझ्याकडे आला, "अगं टीम एवढी स्लो कशी झाली?" म्हटलं, आधीचे ३४ पण माझ्या हिशोबाने वीसच्या वर नव्हते, मी दोन महिने एक्सेलमध्ये टिपून ठेवलंय, बघायचंय? बघितलं नाही, पण गप्प झाला.

आता जे लिहायला जीवावर येतंय ते. दुसऱ्या स्प्रिंटलाही ब्रँच बाजूला पडून राहायला लागल्या. मी चिडून कारण विचारलं तर टीममधल्या नवीन पोराने शांतपणे बिल्डचा (कोड जोडून सगळ्या टेस्ट आपोआप चालतात त्याचा) लॉग उघडून दाखवला. बिल्ड ३८ मिनिटांचा, आणि त्यातली २९ मिनिटं माझ्या ब्राउझर टेस्टची. प्रत्येक टेस्ट आधी लॉगिन पेज उघडणार, युजर टाइप करणार, ओटीपीची वाट बघणार, मग कामाला लागणार. एक ओळ बदलून ३८ मिनिटं थांबायचं म्हटल्यावर दिवसातून दोनदा मर्ज कोण करेल? साठवून साठवून शेवटी एकदाच करणार. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अजाइल पद्धतीवाले कधीपासून दहा मिनिटांचा बिल्ड सांगतायत, आणि मी टेस्टची संख्या वाढली म्हणून खूश होते.

अडीच स्प्रिंट त्यातच गेले. लॉगिन एकदाच करून सेशन पुढे वापरायचं, बऱ्याचशा तपासण्या ब्राउझरमधून काढून एपीआयवर (स्क्रीनशिवाय थेट सर्व्हरला विचारून) न्यायच्या, उरलेल्या चार मशीनवर समांतर चालवायच्या. आता बिल्ड ९ मिनिटांचा आहे. आणि खरं सांगते, स्टँडअपपासून रेट्रोपर्यंतच्या सगळ्या मीटिंगांनी मिळून जे केलं नाही ते या ९ मिनिटांनी केलं. ब्रँच एक-दोन दिवसांत मर्ज होतात, आणि स्टँडअप आपोआप १२ मिनिटांवर आला कारण सांगण्यासारखं गूढ काही उरलंच नाही.

कानबान या दुसऱ्या पद्धतीवरून, जिथे एका वेळी किती कामं हातात घ्यायची याला मर्यादा असते, एक गोष्ट उचलली ती पण आवडली. टेस्टिंगच्या कॉलमला मर्यादा ३ कार्डांची. तो भरला की चौथं कार्ड ढकलायचं नाही, स्वतः येऊन टेस्ट करायचं. तोच ओटीपीवाला डेव्हलपर एकदा वैतागत माझ्या शेजारी बसला, दुसऱ्याचं कार्ड तपासायला. मेसेजमधून ओटीपी कॉपी केला, पेस्ट केला, 'चुकीचा ओटीपी'. परत केला, परत तेच. पाच मिनिटांनी कळलं की कॉपी करताना शेवटी एक स्पेस येतेय. हळूच म्हणाला, "हे तर माझंच आहे." मी काही बोलले नाही, खूप अवघड गेलं.

पॉइंट अजून देतो, वरून मागतात म्हणून. त्यावर कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललं की मी घड्याळ दाखवते.

सध्या एक फ्लेकी टेस्ट आहे, दहातून एकदा उगाच लाल होते. बाजूला काढून ठेवलीये, दुरुस्तीचं कार्ड माझ्या नावावर. तिसरा स्प्रिंट चालू आहे तिचा. काल स्टँडअपला विचारलं तर माझ्या तोंडून निघून गेलं, "झालंय रे, फक्त एकदा चालवून बघायचं बाकी आहे."