पत्रा वाचवणारा सॉल्व्हर

नाशिकच्या अंबडला माझं छोटं प्रेस शॉप (पत्रा दाबून सुटे भाग बनवणारं) आहे. १२५० मिमी रुंदीच्या पत्र्यातून ४०० च्या ९० आणि २७० च्या १२० पट्ट्या हव्या होत्या. आमची जुनी रीत म्हणजे एका पत्र्यातून एकच माप: ३० अधिक ३०, साठ पत्रे. भाच्याने एक्सेलमधला सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं साधन, दाखवला. वेगळे पैसे नाहीत, फक्त ॲड-इन्समध्ये जाऊन सुरू करायचा.

पहिल्यांदा 'पूर्णांक' ही अट घालायला मीच विसरलो. उत्तरात एका प्रकारच्या कापणीला १६.६७ पत्रे! शिअरिंगवाले (पत्रा कापणारे) काका म्हणाले, "शेठ, उरलेला तुकडा घरी नेऊ का?" अट घातल्यावर ५७ आले: ४० पत्र्यांत एक ४०० आणि तीन २७० (भंगार फक्त ४० मिमी), बाकी १७ मध्ये तीन-तीन ४००. तीन पत्रे वाचले.

सॉल्व्हरमध्ये पद्धत 'सिम्प्लेक्स एलपी' (रेषीय गणितांसाठीची) निवडा. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगने ती १९४७ मध्ये मांडली. पूर्णांकासाठीची सूट (उत्तर सर्वोत्तमापेक्षा किती कमी पडलं तरी चालेल) मुळात १ टक्का असते, ती ० करा. चलं (सॉल्व्हरने शोधायचे आकडे) २०० पर्यंतच चालतात, मला वीसही लागत नाहीत. कटिंगचे नमुने मात्र आपणच कागदावर मांडायचे, तिथे डोकं लागतं. सिन्नर-दिंडोरीच्या टेम्पोफेऱ्या अजून काकांच्याच अंदाजावर चालतात.