सॉल्ट ॲनालिसिसचा डबा: रसायनं चांगली, पाणी खोटं

सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे दिलेल्या अनोळखी सॉल्टमध्ये काय आहे ते रसायनं घालून ओळखणं. बारावीतल्या नातीसाठी त्याचा हा डबा आणून दीड महिना झाला. किंमत 1,450 रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार समोरासमोर बोलून मिटली आहे. पण असे डबे सोलापुरात बरेच पालक घेताना दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मास्तर नाही. एका ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये 31 वर्षं काढली. शिकवायचे सर, बाटल्या भरायचो मी. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सॉल्टच्या पुड्या बांधायच्या आणि कुठल्या पुडीत काय आहे ते पोटात ठेवायचं, हे माझं काम. तेव्हा डबा उघडल्यावर मी आधी लेबलं वाचली, माहितीपत्रक नंतर.

24 ड्रॉपर बाटल्या, 12 टेस्ट ट्यूब, लाकडी स्टँड, होल्डर, स्पिरिटचा दिवा. काच बरी आहे, दिव्यावर एकही ट्यूब तडकली नाही. लेबलवर फक्त नाव, द्रावण किती तीव्रतेचं ते कुठेच नाही. आमच्याकडे सिल्व्हर नायट्रेट लिटरला 17 ग्रॅम घालून करायचे आणि ते बाटलीवर लिहायचेच. इथे ते पांढऱ्या पारदर्शक बाटलीत दिलंय! उजेडानं ते काळवंडतं, म्हणून तपकिरी बाटली लागते. मी आल्या दिवशीच काळा कागद गुंडाळला.

आता चांगलं ते सांगतो. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलचं युनिट आल्यापासून 10 कॅटायन आणि 8 ॲनायन, म्हणजे सॉल्टमधले धन आणि ऋण भाराचे कण (आयन), पोरांना ओळखता यावे लागतात. त्यातले बहुतेक या डब्यात होतात. कॅटायन गटागटानं तपासतात, त्या ग्रुपचा क्रमही पत्रकात बरोबर आहे. तिसऱ्या ग्रुपला अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड घालायला सांगितलंय, ते का घालायचं हे दोन ओळींत दिलंय. अमोनियम आयन आधीच भरपूर असले की हायड्रॉक्साइड आयन दबून राहतात, मग लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढे खाली बसतात आणि मॅग्नेशियम द्रावणातच राहतं. पोरं ही पायरी गाळतात आणि मग मॅग्नेशियमला ॲल्युमिनियम म्हणून मोकळी होतात. लॅबमध्ये दरवर्षी पाहिलंय.

तांब्यासारखे धातू ओळखायला लॅबमध्ये वापरतात तो हायड्रोजन सल्फाइडचा वायू अर्थातच डब्यात नाही, आणि नाही तेच बरं. आमच्या लॅबच्या किप्स ॲपरेटसमधला (हा वायू तयार करायचं काचेचं उपकरण) सडक्या अंड्यांचा वास धुतल्या शर्टालाही यायचा, बायको शर्ट वेगळे भिजवायची. तांब्यासाठी इथे दुसरी वाट दिली आहे. अमोनिया जास्त झाला की गर्द निळं द्रावण, आणि पोटॅशियम फेरोसायनाइड घातलं की चॉकलेटी अवक्षेप, म्हणजे खाली बसणारा साका. तेच फेरोसायनाइड लोखंडाच्या फेरिक आयनला घातलं की निळीसारखा गडद निळा. निकेलला डायमिथाइल ग्लायऑक्झिम घातल्यावर असा गुलाबी लाल साका येतो की नात म्हणाली, "आजोबा, हा तर गुलालच." शिशाचा तर सोहळाच असतो. पोटॅशियम आयोडाइडनं पिवळा साका, तो पाणी घालून तापवला की गायब, आणि ट्यूब निवत ठेवली की सोनेरी चमक्या खाली उतरू लागतात. तिची आजीही स्वयंपाकघरातून बघायला आली.

आता मुख्य तक्रार.

माझे मेव्हणे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाइंगमध्ये आहेत. टॉवेलचं सूत रंगवताना रंग सुताला धरावा म्हणून साधं मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, घालतात. त्यांच्याकडून दोन्ही चिमूट चिमूट आणलं आणि नातीला म्हटलं, सांग कुठलं कुठलं. सोपा प्रश्न. मिठातल्या क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेटनं पांढरा साका, ग्लॉबरमधल्या सल्फेटला बेरियम क्लोराइडनं.

मिठाचं उत्तर बरोबर आलं. ग्लॉबर सॉल्टला बेरियम क्लोराइडनं पांढरा साका आला, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळला नाही, म्हणजे सल्फेट पक्कं. पण सिल्व्हर नायट्रेटनंही ट्यूब दुधाळ झाली. तिनं वहीत लिहिलं, "मिश्रण". मी म्हटलं, आधी ॲसिड कुठलं घातलंस? "पत्रकात नुसतं पातळ ॲसिड लिहिलंय, मी हायड्रोक्लोरिक घातलं." घ्या! कार्बोनेटही सिल्व्हर नायट्रेटला साका देतं, ती भानगड नको म्हणून सिल्व्हर नायट्रेटच्या आधी पातळ नायट्रिकचे दोन थेंब घालायचे असतात. हायड्रोक्लोरिक घातलं तर क्लोराइड आपणच आणून टाकलं की. पत्रकातला हा एक शब्द पोराचा अख्खा सॉल्ट चुकवू शकतो.

नायट्रिक घालून पुन्हा केलं. थोडं कमी, पण दुधाळच. मग मला पाण्याचा संशय आला. सॉल्ट न घालता नुसतं डब्यातलं 'डिस्टिल्ड वॉटर' घेतलं, नायट्रिकचे दोन थेंब, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. ट्यूब पांढुरकी! सिल्व्हर क्लोराइड लिटरमागे जेमतेम 2 मिलिग्रॅम विरघळतं, त्यामुळे पाण्यात क्लोराइड किंचित असलं तरी लपत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याची तर खीरच होते, पण ते अपेक्षित होतं. त्या पाण्याला अमोनियम ऑक्झलेट घातलं की कॅल्शियमही खाली बसतं, गिझरच्या कॉइलवर बसतं तसं. 'डिस्टिल्ड'लाही ऑक्झलेटनं अंधुक धूसरपणा आला. म्हणजे डिस्टिल्ड लिहिलेलं पाणी डिस्टिल्ड नव्हतंच.

दुकानदाराकडे दोन्ही ट्यूब स्टँडसकट घेऊन गेलो. तो म्हणाला, "पाणी पाणीच असतंय की ओ काका, तेवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, परीक्षेला बसणारी पोरगी बघते. मग त्यानं पत्रक वाचलं, ट्यूब उजेडाला धरली, आणि त्याच्याच शेल्फवरच्या दुसऱ्या डब्यातलं पाणी माझ्यासमोर तपासलं. तेही पांढुरकं. त्यानंतर मात्र माणूस नीट वागला. 100 रुपये परत दिले, सिल्व्हर नायट्रेटसाठी तपकिरी बाटली दिली, आणि उरलेल्या डब्यांतल्या पाण्याच्या बाटल्या काढून ठेवल्या.

मी येताना बॅटरीच्या दुकानातून 5 लिटरचा बॅटरी वॉटरचा कॅन आणला. तपासल्याशिवाय तोही वापरला नाही. ट्यूब काचेसारखी स्वच्छ राहिली. त्या पाण्यात ग्लॉबर सॉल्ट केलं तर सिल्व्हर नायट्रेटला नुसती धुरकट झाक उरली. मेव्हणे म्हणाले, "अहो भावजी, बाजारी माल आहे, थोडं मीठ असणारच त्यात." नातीनं 'मिश्रण' खोडून 'सल्फेट, क्लोराइड अत्यल्प' लिहिलं.

घेणाऱ्यांसाठी आणखी थोडं. अमोनियम हायड्रॉक्साइडची बाटली उन्हाळ्यात माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये इथं पारा 42च्या वर जातो, रबरी बोंडू फुगतं, आणि झाकण तोंडाजवळ उघडलं तर डोळ्यांतून पाणी येईल. आम्ही माठाशेजारच्या कोपऱ्यात ठेवतो, पण कुलपात. बेरियम क्लोराइड विषारी आहे, शिशाचं सॉल्टही. एक्स-रेच्या आधी बेरियम पाजतात ते बेरियम सल्फेट, आणि ते चालतं कारण ते विरघळत नाही, क्लोराइड विरघळतं. या दोन्हींची ट्यूब मोरीत ओतू नका, वेगळ्या बरणीत साठवा. डब्यात हातमोजे नाहीत, ते हवेत. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग नातीच्या तीन बोटांवर आठवडाभर होते, आणि आजी रोज लिंबू घासायला सांगत होती.

पाचपैकी साडेतीन. पत्रकात 'पातळ नायट्रिक ॲसिड' असं छापलं आणि पाणी खरं दिलं तर साडेचार द्यायला माझी हरकत नाही. बाटल्या सुट्या भरून मिळतात. सिल्व्हर नायट्रेट 10 मिलीला 180 रुपये सांगितले, पण आमचं अजून अर्ध्याहून जास्त उरलंय.