नऊ महिने, चौदा हजार मैल: गाडीतल्या सॅटेलाइट रेडिओसाठी पैसे भरावेत का?

मार्चमध्ये नवी गाडी घेतली, तेव्हा तिच्यासोबत तीन महिन्यांचा सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे उपग्रहावरून थेट गाडीत येणारी आणि वर्गणी भरून ऐकायची चॅनेल, फुकट मिळाला. मुदत संपल्यावर मी पैसे भरून तो चालू ठेवला. फोनमध्ये जगातली सगळी गाणी असताना हे कशाला, असं ऑफिसात आणि घरी दोन्हीकडे विचारून झालं. आता डिसेंबर आहे आणि मी नीट उत्तर देऊ शकते.

आधी माझं फिरणं सांगते, कारण सगळा हिशोब त्यावरच आहे. मी अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत राहते, हॉस्पिटलांमधली सीटी आणि एक्स-रे यंत्रं दुरुस्त करते. महिन्यातून तीन-चारदा दूरच्या गावांना जावं लागतं. नेवाडातल्या ईलीला जाताना डेल्टा गाव मागे पडलं की पुढचे दीडशे मैल जवळपास काहीच नाही. सेव्हियर सरोवराचा पांढरा कोरडा तळ, एकामागून एक डोंगररांगा, मध्ये रुंद दऱ्या. एफएम खरखरत जातं, फोनवरचं स्ट्रीमिंग मध्येच गोल फिरत बसतं. सॅटेलाइट रेडिओ मात्र त्या संपूर्ण पट्ट्यात स्वच्छ लागतो, कारण आकाश मोकळं असतं आणि त्याला तेवढंच हवं असतं.

कुठे लागत नाही, हेही सांगायला हवं. मोॲब गावाकडे जाताना स्पॅनिश फोर्कच्या घळीत तो वारंवार जातो. सध्याचे मुख्य उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे 36 हजार किलोमीटरवर एका जागी स्थिर असतात. म्हणजे आपल्याला ते दक्षिणेकडे, आकाशाच्या अर्ध्या उंचीवर असतात. उजवीकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला, कडा उभा राहिला की संपलं. सिरिअस या सॅटेलाइट रेडिओ कंपनीने 2000 साली सोडलेल्या पहिल्या तीन उपग्रहांच्या कक्षा लांबट होत्या, त्यामुळे ते उत्तर अमेरिकेवर बराच वेळ उंच असत. डोंगराळ भागासाठी ती रचना चांगली होती, असं मला मनापासून वाटतं. पुलाखालून जाताना मात्र काहीच तुटत नाही. तोच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून काही सेकंदांच्या फरकाने येतो आणि रेडिओ मधली फट भरून काढतो. शहरात उंच इमारतींच्या मध्ये तोच सिग्नल पुन्हा पाठवणारे जमिनीवरचे रिपीटर मदतीला असतात. पार्किंगच्या तळघरात शांतता.

आवाजाबद्दल अपेक्षा ठेवू नका. ठरावीक फ्रीक्वेन्सीत शंभरावर चॅनेल बसवायचे म्हटल्यावर आवाजाचा डेटा दाबून लहान करावाच लागतो. बोलण्याला फरक पडत नाही, पण झांजा आणि व्हायोलिन सपाट होतात. तीच चॅनेल कंपनीच्या ॲपवर ऐका, फरक कळेल. नुसती गाणीच ऐकायची असतील तर निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर डाउनलोड करा. मराठीचं एकही चॅनेल नाही, त्यामुळे माझी नाट्यगीतं आणि अभंग मी तसेच घेऊन जाते.

मग मी ऐकते काय? बेसबॉल. याची मला स्वतःलाही कल्पना नव्हती. पुण्यात आजोबा क्रिकेटच्या मराठी समालोचनाबद्दल, बाळ ज. पंडितांबद्दल इतक्या प्रेमाने बोलायचे, की रेडिओवर खेळ ‘दिसतो’ हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. सॅटेलाइटवर मेजर लीगचे, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगचे, सामने त्या त्या संघाच्या स्वतःच्या समालोचकांसह लागतात. पूर्वेकडचे संध्याकाळी सातचे सामने आमच्याकडे पाचला सुरू होतात, नेमके मी हॉस्पिटलमधून बाहेर पडते तेव्हा. ते संपत आले की आठच्या सुमारास कॅलिफोर्नियातले सुरू. म्हणजे ईलीहून घरी पोचेपर्यंत कोणीतरी माझ्याशी बोलत असतं, आणि ते आत्ता, याच क्षणी घडत असतं. अंधारात, पुढेमागे एकही दिवा नसताना, याची किंमत मला कळली आहे. बेसबॉल प्रत्येक प्लॅनमध्ये येतोच असं नाही, घेण्याआधी तपासा.

दुसरी गोष्ट म्हणजे हात स्टिअरिंगवरून हलत नाही. पुढे काय लावू, हा प्रश्नच नाही, कोणीतरी निवडून ठेवलेलं असतं. संध्याकाळी त्या रस्त्यावर हरणं येतात. फोनकडे बघण्याचे दोन सेकंदही मला नको असतात.

बाबा जूनमध्ये आले होते. त्यांना मी मुद्दाम ईलीला नेलं. आमच्याकडे पुण्यात वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओ सेवेचा संच होता. बाल्कनीत अँटेना उपग्रहाच्या दिशेने धरून ते सिग्नलची पट्टी वर चढवायचे आणि मग रात्री ‘गंधर्व’ चॅनेलवर शास्त्रीय संगीत. ती सेवा भारतात 31 डिसेंबर 2009 ला बंद झाली. गाडीत बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “अगं, पण अँटेना कुठंय?” मी छतावरचा माशाच्या परासारखा तुकडा दाखवला. डेल्टानंतर ते तासभर जॅझ ऐकत शांत बसले होते.

वर्ल्डस्पेसमुळे एक गोष्ट मनात पक्की आहे: हा रेडिओ एकाच सेवेचा असतो, ती बंद पडली की त्याचा उपयोग नाही. अमेरिकेत 2008 मध्ये सिरिअस आणि तिची प्रतिस्पर्धी एक्सएम एकत्र झाल्यापासून दुसरा पर्यायच उरलेला नाही, म्हणून वर्षानुवर्षांचे पैसे आगाऊ भरू नका. पहिला सवलतीचा दर संपला की पूर्ण दर बराच जास्त असतो. संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याआधी सवलतीबद्दल स्वतः विचारा. बंद करण्याची प्रक्रिया लांबलचक असल्याबद्दल न्यूयॉर्क राज्याने सिरिअस एक्सएमवर 2023 मध्ये खटला भरला होता आणि 2024 मध्ये न्यायालयाने त्यात कायद्याचा भंग झाल्याचं मान्य केलं, हे घेण्यापूर्वी माहीत असावं.

फुकटातला प्रतिस्पर्धी विसरू नका: एएम. सॉल्ट लेकचं बातम्यांचं स्टेशन केएसएल, 1160 वर, 50 किलोवॉट. रात्री ते पश्चिमेकडच्या कितीतरी राज्यांत लागतं. बर्फ पडत असताना मी आधी तेच लावते.

मी महिन्याला तीस-पस्तीस तास मोबाइल टॉवर नसलेल्या रस्त्यांवर असते, म्हणून माझ्या गाडीत तो राहणार. नवऱ्याचं ऑफिस नऊ मैलांवर आहे, सगळी वाट शहरातून. त्याच्या गाडीतही तीन महिने फुकट होता. त्याने तो दोनदा लावला. तो आम्ही पुढे घेतला नाही.