खानापूरच्या वाड्यातला मुक्काम: खोली वरची घ्यावी की खालची?

आधी निकाल सांगून टाकतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मलप्रभा नदीच्या बाजूला जुन्या चौसोपी वाड्याचं जे आठ खोल्यांचं आलिशान 'इको' निवासस्थान झालंय, तिथं छप्पर उत्तम, पाण्याची व्यवस्था बरी आणि तळमजल्यावरची न्हाणीघरं चुकलेली आहेत. जागेचं नाव मुद्दामच घेत नाही, कारण हे गुणदोष त्या एकाच वाड्याचे नाहीत. बेळगाव कॅम्पातल्या बंगल्यापासून निपाणीकडच्या वाड्यापर्यंत कुठंही खोली घेताना हेच बघावं लागतं.

माहितीपत्रकात वाडा ३०० वर्षांचा म्हटलाय. खालची जांभ्या चिऱ्याची जोती आणि दोन फुटी भिंती जुन्या असतीलही, पण वरचं छप्पर तेवढं जुनं नाही. मंगळुरी कौल बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कारखान्यात निघायला लागलं ते १८६५ मध्ये. त्याआधी आपल्याकडं नळीची कौलं नाहीतर गवताचं शाकार. पुढं खानापूरलाच कौलं भाजायला लागली. इथल्या छपराला तीच लावलीत आणि डागडुजीही तशाच कौलांनी केलीय.

या छपरावर खर्च नीट झालाय. चौरस मीटरला साधारण १५ कौलं बसतात, म्हणजे कोरडं असतानाच वाशांवर ४० ते ४५ किलोचा भार. पावसात भिजलं की आणखी वाढतो. अशा वेळी बरेच जण कौलं उतरवून खाली पत्रा मारतात आणि कौलं नुसती दिखाव्याला ठेवतात. मग पावसात बोललेलं ऐकू येत नाही आणि उन्हात खोलीची भट्टी होते. इथं पत्रा नाही. मुख्य कौलाखाली चपट्या कौलांचा दुसरा थर आहे, मध्ये वारा खेळायला जागा आहे. पश्चिमेचा वारा सुटला की कौलांच्या सांध्यातून जे तुषार आत येतात, ते या खालच्या थरावरून पागोळीकडं निघून जातात. पागोळी भिंतीपासून तीन फूट बाहेर आहे. मातीच्या आणि चिऱ्याच्या भिंतीला याहून स्वस्त संरक्षण नाही. वानरं उड्या मारून कौलं फोडतात त्याला इलाज नाही. परसात फाजील कौलांची चळत रचून ठेवलीय, यावरूनच जागा सांभाळणारा माणूस जाणता आहे हे कळतं.

वरच्या मजल्यावर आणि बाहेरून गिलावा चुन्याचा आहे. एक भाग विरवलेला चुना, अडीच-तीन भाग वाळू, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालून दगडी चाकाच्या चुनघाणीत मळलेला. खात्री करायची असेल तर बोट ओलं करून भिंतीला लावा. चुन्याची भिंत पाणी लगेच पिते आणि डाग काळपट होतो. प्लॅस्टिक पेंट असेल तर थेंब तसाच घरंगळतो. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर ओल घेतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात सोडतो. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंट लावलं की ती आतच कोंडते आणि वाट मिळेल तिथून फुटते.

तळमजल्यावर नेमकं तेच झालंय. जुन्या वाड्यात न्हाणी कधी माजघराशेजारी नसायची, परसाकडं असायची, आणि त्याला कारण होतं. इथं खालच्या चार खोल्यांच्या कोपऱ्यात न्हाणीघरं काढलीत आणि चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट मारून थेट सात फुटांपर्यंत फरशा बसवल्यात. रोजच्या आंघोळीचं पाणी फरशीच्या सांध्यांतून भिंतीत जातं, पुढून निघायला वाव नाही, म्हणून पलीकडून निघतं. पलीकडं पलंगाची उशी. दोन खोल्यांत उशामागं लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतला क्षार वर आलाय. गिलाव्याला फोड आलेत, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला येते, खालचा चिरा मऊ पडायला लागलाय. त्यावर तसबीर टांगून भागणार नाही. सिमेंट आणि फरशा काढून, जुन्या भिंतीपासून दोन-तीन इंच पोकळी सोडून वेगळी पातळ भिंत उभी करायला हवी होती. वरच्या खोल्यांची न्हाणीघरं मागच्या बाजूला लोखंडी सांगाड्यावर स्वतंत्र बांधलीत, ती खडखडीत कोरडी आहेत. म्हणजे रीत माहीत होती, खाली जागा वाचवली.

खालच्या खोल्यांतला कुबट वास मारायला ओल ओढणारं यंत्र दिवसरात्र चालू ठेवलंय. पर्यावरणस्नेही खोलीत हे यंत्र घरघरत असणं जरा गमतीचंच.

बळदाची खोली म्हणून जी सर्वांत महाग विकतात, ती घेऊ नका. धान्य ठेवायची जागा. खिडकी नव्हतीच, आता छपराजवळ एक झरोका पाडलाय. फोटोत छान दिसते, झोपायला कोंदट आहे.

मग कुठली घ्यायची? जून ते सप्टेंबर वरची, डोळे झाकून. नोव्हेंबर ते फेब्रुवारीही वरचीच, सकाळचं ऊन येतं. एप्रिल-मे मात्र दुपारी कौलांखाली उकडतं, तेव्हा खालची उत्तरेची खोली घ्या. जाड भिंतींमुळं ती एसीशिवाय गार राहते आणि त्या दिवसांत ओलही आटलेली असते. घरात म्हातारी माणसं असतील तर पंचाईत आहे. जिना लाकडी आणि उभा, पायरी जेमतेम आठ इंच रुंद. उंबरठे उंच, चौकटी साडेपाच फुटी. उंच माणसानं पहिल्या दिवशी डोकं सांभाळावं.

पाण्याबद्दल 'वर्षभर पावसाचंच पाणी' असा दावा आहे. हिशेब करून बघा. छप्पर ३०० चौरस मीटर. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाला १,५०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ३,६०,००० लिटर मिळतं. पण टाकी ६०,००० लिटरची. आठ खोल्या, खोलीत दोन माणसं, माणशी १५० लिटर, म्हणजे दिवसाला २,४०० लिटर. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली टाकी २५ दिवसांत रिकामी. पुढं विहीरच. दावा फुगवलेला आहे, पण टाकीवरून वाहणारं पाणी गाळून विहिरीत सोडलंय, ते चांगलं केलंय. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायला वेगळी तोटी आहे. एवढ्या छपराला निदान ६०० लिटर तरी वाया घालवावं लागतं, नाहीतर पाखरांची घाण आणि शेवाळ सगळं टाकीत.

गरम पाणी सौर बंबाचं. टाकी छपरावर चढवली नाही, परसात चौथऱ्यावर ठेवलीय. भरलेल्या टाकीचा भार जुन्या वाशांवर टाकणं म्हणजे वाडा पाडायची तयारी. पण त्यामुळं उत्तरेच्या खोलीपर्यंत २५ मिलिमीटरची नळी २० मीटर जाते, म्हणजे तोटी सोडल्यावर आधी जवळपास १० लिटर गार पाणी येणार. बादली आहे, ते त्यात धरा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊनच नसतं, तेव्हा लाकडाचा बंब पेटवतात. "पाणी तापूलालंय की, दहा मिनटं थांबा," असं उत्तर आलं तर वीस मिनिटं धरावीत.

सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यातून जातं आणि वास अजिबात येत नाही. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारी वेगळी टाकी आहे आणि ती उपसली जाते. बहुतेक ठिकाणी वाफा मरतो तो तिथंच.

स्ट्रॉ कागदी आणि प्लॅस्टिकची बाटली नाही, याचं कौतुक पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. कर्नाटकात प्लॅस्टिकबंदी २०१६ पासून आहे, स्ट्रॉसारख्या एकदा वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून. बाटली नाही हे ठीक, पण स्ट्रॉच्या बाबतीत कायदा पाळला म्हणून पाठ थोपटून घेण्याचं कारण नाही.

जेवण साधं आणि चांगलं. नाचणीची आंबील, भाकरी, उसळ, मागितलं तर कोंबडी. कुंदा ही मिठाई बेळगावातून आणतात आणि तसं सांगतात. वाढणाऱ्या अक्का पोट भरलं म्हटल्यावरही ऐकत नाहीत.

दर ९,५०० रुपये, नाश्ता धरून. ७,५०० रुपयांपेक्षा जास्त दराच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११,२१० होतं. आडदिवशी खालच्या खोल्या ७,२०० ला देतात, तेव्हा कर ५ टक्के आणि एकूण ७,५६०. एप्रिल-मेमध्ये तोच सौदा सर्वांत फायद्याचा. पावसाळ्यात मात्र 'वरची नसेल तर खालची चालेल' असं फोनवर म्हणू नका, हमखास खालचीच मिळते. बेळगावहून खानापूर २६ किलोमीटर, रेल्वे स्टेशन गावातच. शेवटचा तुकडा मातीचा आहे आणि पावसात खाली टेकणारी गाडी अडकते, तेव्हा स्टेशनवर गाडी पाठवा म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा.