परत आलेली पैठणी: विक्रेतीच्या बाजूनं एक रिव्ह्यू

गिऱ्हाईक म्हणून लिहायचं असतं तर या ॲपला मी पाचापैकी पाच दिले असते. पोरीच्या दप्तराची चेन तुटलेली निघाली, फोटो टाकला, तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात. पण आमचं घर पैठणचं, मामा म्हणजे माझे सासरे अजून मागावर बसतात, आणि गेली तीन वर्षं त्याच ॲपवर मी त्यांच्या पैठण्या विकते. त्या बाजूनं मी दोनच देते.

लग्नसराईत एक साडी गेली. रामा रंग, मुनिया काठ, पदरावर मोर, किंमत 18,500 रुपये. मामांचे पाच आठवडे होते त्यात. पोचल्यावर नवव्या दिवशी परतावा आला, कारण ‘वर्णनापेक्षा वेगळी वस्तू’. हे कारण निवडलं की मला कुणी विचारत नाही. परतावा आपोआप मंजूर होतो आणि दोन्हीकडचं कुरियर माझ्या खात्यातून कापलं जातं. ‘आवडली नाही’ म्हटलं असतं तर माझी वाहतूक तरी वाचली असती, म्हणून ज्याला फसवायचं आहे तो पहिलंच कारण टाकतो.

कुरियरवाला पोरगा दारात उभा, म्हणाला, ताई ओटीपी द्या, अजून चाळीस पार्सल आहेत. मी म्हटलं, दोन मिनिटं थांब, आधी उघडू दे. मोबाईल लावून उघडलं. रंग तोच, घडी तशीच, वरून बघितलं तर मीही फसले असते. मामांनी हात फिरवला आणि म्हणाले, “ही आपली न्हाई. पदर उलटा कर.”

पदर उलटा केला. हातमागावर पदराचा मोर रंगारंगाच्या तिल्ल्या, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांड्या, एकमेकींत अडकवत विणतात, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. चोच इकडं हिरवी तर तिकडंही हिरवी. हिच्या मागं मात्र सुटे धागे लोंबत होते, मोराच्या पोटाखाली तर कापलेल्या दोऱ्यांचा नुसता गुंता. पॉवरलूमची साडी होती, बाजारात दोन-अडीच हजारांची. मामा पुढं काही बोलले नाहीत, उठून मागावर गेले. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

क्लेम टाकला. फॉर्ममध्ये चारच फोटो आणि दहा ओळींची जागा. सहाव्या दिवशी उत्तर आलं की दिलेल्या फोटोंवरून वस्तू वेगळी असल्याचं सिद्ध होत नाही. फोन मागितला तर आला, पण समोरच्या मुलाकडं एकच वाक्य होतं, मॅडम, क्लेम बंद झालाय. मी त्याला साडीची उलटी बाजू समजावत होते. त्या पोरानं आयुष्यात पैठणी हातात घेतली नसेल, त्याला दोष देत नाही. पण ज्याला साडीतलं कळतं असा एक तरी माणूस हे ॲप ठेवू शकत नाही का? महिन्याला एवढं कमिशन कापतात, त्यावर जीएसटी वेगळा.

शेवटी पुरावा त्यांच्याच हिशेबात सापडला. रात्री पेमेंटचा तक्ता बघत बसले होते. माझी साडी जाताना एक किलोच्या स्लॅबचं कुरियर लागलं होतं, परत येताना अर्ध्या किलोचं. त्यांच्याच काट्यावर पार्सल हलकं झालं होतं! दोन्ही ओळींचे स्क्रीनशॉट, शिवाय पाठवण्याआधी घरच्या काट्यावर 810 ग्रॅम दाखवणारा व्हिडिओ, असं सगळं लावून अपील केलं. बावीस दिवसांनी 11,100 रुपये जमा झाले. साठच टक्के का, ते कुठंही लिहिलेलं नाही. राहिलेले 7,400 ही मामांची मजुरी होती.

गिऱ्हाईकाचा परत करायचा हक्क काढा असं मी म्हणत नाही. याच ॲपवर नऊशे रुपयांना ‘हातमागाची अस्सल पैठणी’ विकणारे बसलेत, त्यांच्याकडून फसलेल्या बाईला पैसे परत मिळालेच पाहिजेत. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम तेच सांगतात. माल सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला परत घेणं नाकारता येत नाही. ग्राहकाच्या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा, त्यासाठी तक्रार अधिकारी नेमायचा. चांगलंच आहे. पण ही मुदत ग्राहकाच्या तक्रारीला आहे. माझा क्लेम किती दिवसांत बघायचा आणि कुठल्या कारणानं नाकारायचा, हे ॲप स्वतः ठरवतं. 1915 ही हेल्पलाइनसुद्धा ग्राहकांसाठीच. पैसे त्यांच्याकडं अडकलेले आणि न्याय करणारेही तेच.

दोन स्टार कशाचे? एक वेळेवर मिळणाऱ्या पेमेंटचा, त्यात तीन वर्षांत एकदाही खाडा नाही. दुसरा अपिलाचा, कारण दार किलकिलं का होईना, उघडं होतं.

कुणी आपल्याकडचं हातमागाचं काही विकत असेल तर एवढं करा. पॅक करताना व्हिडिओ मध्ये कुठंही न थांबवता काढा, त्यात पदराची उलटी बाजू, काटा आणि पार्सलचा बारकोड एकत्र दिसू द्या. परत आलेलं पार्सल उघडल्याशिवाय ओटीपी देऊ नका, पोरगा कितीही घाई करो. त्याला पाणी विचारा, पण थांबवा. उघडताना आधी पाकिटाच्या सगळ्या बाजू दाखवा, नाहीतर ‘सील आधीच तुटलं होतं’ असं ऐकावं लागतं. आणि दर महिन्याला कुरियरचे स्लॅब ताडून बघा.

ती साडी मी टाकली नाही. नाथषष्ठीला बाहेरगावच्या बाया घरी साड्या बघायला येतात, तेव्हा मामांची एक आणि ती एक शेजारी अंथरते आणि दोन्हींचे पदर उलटे करते.