लिनक्सवरून फ्रीबीएसडी की ओपनबीएसडी? आधी डेस्कटॉप ठरवा

लिनक्स सोडून बीएसडीवर, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातल्या फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर जायचं मनात असेल तर आधी सांगा, आत्ता डेस्कटॉप (पॅनल, मेनू, खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) कुठला वापरताय? सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.

एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असेल तर चिंता नको, होममधलं त्याचं कॉन्फिग फोल्डर कॉपी केलं की पॅनल, शॉर्टकट, थीम बरंचसं जसंच्या तसं येतं. वायफायचं बटण मात्र विसरा, ते नेटवर्कमॅनेजर या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं आणि तो लिनक्सचा. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर जरा थांबा, त्याची सिस्टिमडीवरची (लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) भिस्त वाढतच चाललीय आणि बीएसडीत सिस्टिमडी नाही.

आता दोघांतला फरक. ओपनबीएसडीत एक्स, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या काढणारी यंत्रणा, सोबतच येतं, इन्स्टॉलर विचारतो झेनोडीएम (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) चालू करू का, हो म्हटलं की रीबूटनंतर थेट लॉगिन स्क्रीन, एफव्हीडब्ल्यूएम आणि सीडब्ल्यूएम हे साधे विंडो मॅनेजर आधीच हजर. फ्रीबीएसडीत आधी काळी स्क्रीनच, मग पॅकेजमधून एक्सऑर्ग (म्हणजे तेच एक्स) टाका, ग्राफिक्ससाठी डीआरएम-केमॉड हे ड्रायव्हर टाका, त्याचं मॉड्यूल आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहा, डीबस (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) चालू करा आणि स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घाला, हे शेवटचं राहिलं तर डेस्कटॉप दिसतो पण जीपीयू वापरायला मिळत नाही आणि व्हिडिओ अडखळतात.

म्हणून ओपनबीएसडी सोपं वाटेल, पण रोजच्या वापरात ते कडक आहे. फायरफॉक्सला तिथे डाउनलोड्स सोडून तुमची बाकीची फोल्डर दिसत नाहीत, डेस्कटॉपवरची पीडीएफ मेलला जोडायची तर आधी तिकडे हलवा. मला हे मनापासून आवडतं, घरच्यांना नाही आवडणार. ब्लूटूथ 2014 मध्येच काढून टाकलंय, म्हणजे लोकलमध्ये वापरता ते इअरबड्स थेट जोडता येणार नाहीत. एनव्हिडिया कार्ड असेल तर प्रश्नच मिटला, कंपनीचा ड्रायव्हर या दोघांत फ्रीबीएसडीवरच आहे.

मराठीचं दोन्हीकडे सारखंच, नोटो फॉन्ट टाका, इनस्क्रिप्ट कीबोर्ड एक्समध्ये असतोच.

माझं मत विचाराल तर ऑफिसचं काम, घरचे पण वापरणार असं असेल तर फ्रीबीएसडी आणि एक्सएफसीई. एकट्याचा लॅपटॉप, टर्मिनल आणि ब्राउझर एवढंच लागत असेल तर ओपनबीएसडी, सीडब्ल्यूएमसकट. आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जुना लॅपटॉप बघायला जाणार असाल तर इंटेल ग्राफिक्सवालाच बघा, बीएसडी टाकलेला पेनड्राइव्ह सोबत न्या, दुकानातच बूट करून वायफाय दिसतंय का ते बघून मगच पैसे द्या.